तब्येतीचा लांबचा प्रवास

"तब्येत कशी आहे?" असं आपण दिवसातून चारदा विचारतो. यातला 'तब्येत' हा शब्द मूळचा अरबी. अर्थ स्वभाव, प्रकृती. 'मिजास'ही तिकडचाच. अरबीत मिजाज म्हणजे मिश्रण. या मिश्रणामागे एक जुनी ग्रीक समजूत आहे, आणि तिच्या प्रवासात गाव सोडावं लागलेली माणसं जागोजागी भेटतात.

चार द्रव

इसवी सनपूर्व 400 च्या सुमारास ग्रीक वैद्य मानू लागले, की देहात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात. प्रमाण जमलं तर माणूस धडधाकट, बिघडलं तर आजारी. पर्गामममध्ये इ.स. 129 मध्ये जन्मलेल्या गेलेननं त्याचं पक्कं शास्त्र केलं. वाचताना आपले त्रिदोष आठवतात, पण दोन्ही एक नव्हेत. ग्रीकांच्या यादीत वात नाही. आयुर्वेदात रक्त सहसा दोष नसून धातू आहे.

एका पोथीसाठी

489 साली पूर्व रोमन सम्राट झेनोनं धर्ममताच्या वादातून, ग्रीक विद्या शिकवणारी एडेसाची पाठशाळा बंद केली. तिथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती अध्यापकांना सरहद्दीपलीकडे, इराणी राज्यातल्या निसिबिसमध्ये आसरा मिळाला. याच पंथात पुढे बगदादचा वैद्य आणि अनुवादक हुनैन इब्न इसहाक (809–873) झाला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. गेलेनच्या ग्रंथांच्या अनुवादांविषयी त्यानं लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो, की एका ग्रंथासाठी आपण इराक, सीरिया, पॅलेस्टाइन पालथं घालत थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेलो. हाती काय लागलं? दमास्कसमध्ये जेमतेम अर्धी पोथी, तीही विस्कळीत. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती जमवायच्या, ताडून पाहायच्या आणि मगच अनुवादाला हात घालायचा, ही त्याची रीत. देहातल्या मिश्रणावरचा गेलेनचा ग्रंथ अरबीत 'किताब अल्-मिजाज' झाला. आपली मिजास तिथली.

दिल्लीचं पाणी

मंगोलांनी 1220 मध्ये बुखारा आणि 1258 मध्ये बगदाद उद्ध्वस्त केलं. तिकडून निघालेल्या विद्वानांपैकी अनेकांनी दिल्ली गाठली. हकिमांची विद्या इथे 'युनानी', म्हणजे ग्रीक, याच नावानं रुजली. पण ज्या शास्त्रात देहाचा मिजाज हवापाण्यावर ठरतो, ते परमुलखात जसंच्या तसं कसं लागू पडणार? सिकंदर लोदीच्या दरबारातल्या मियाँ भुवा यांना हा प्रश्न पडला. ग्रीक उपचार इथल्या लोकांच्या प्रकृतीला मानवत नाहीत, असं म्हणत त्यांनी 1512 मध्ये संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे फारसीत मोठा ग्रंथ सिद्ध केला.

गोव्यातला वैद्य

तीच ग्रीक विद्या समुद्रमार्गेही आली. गार्सिया द ओर्ता यांचं घराणं स्पेनमधून 1492 मध्ये हाकललेल्या ज्यूंपैकी. पोर्तुगालमध्ये या घराण्यावर बाप्तिस्मा लादला गेला. ओर्ता 1534 मध्ये गोव्यात आले, अहमदनगरच्या बुरहान निजामशहावर त्यांनी उपचार केले, हकिमांशी आणि वैद्यांशी चर्चा केल्या. इथल्या औषधींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. आणि 1580 मध्ये ओर्तांची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळली.