फिरते घर (लेखांक ७) : जुन्या मॅटाडोरमध्ये हीटरचा ब्लोअर

हीटरचा ब्लोअर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनाने वाया घालवलेली उष्णता तो फक्त माणसांपर्यंत आणतो. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली बरीचशी ऊर्जा चाकांपर्यंत पोचतच नाही. तिचा मोठा वाटा रेडिएटरच्या पाण्यातून हवेत निघून जातो. ऐंशी-नव्वद अंश तापलेल्या या पाण्याची एक शाखा डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोरमधून, फिरवायची आणि त्यावर पंख्याने हवा सोडायची, एवढीच हीटरची रचना. म्हणून ‘हीटर चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी हवेची वाट तपासावी.

महाराष्ट्रात हीटर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी पर्जन्यछायेच्या कोरड्या पठारावर आहे. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर पडते आणि थंडीच्या लाटेत नगर भागात पारा दहा अंशांच्या खाली जातो. पाणलोटाची कामे पाहायला आलेले चौघे जण काचा लावून गाडीतच झोपले, तर पहाटे समोरची काच आतून धुरकट झालेली असते. श्वासातली ओल थंड काचेवर बसते आणि वायपर तर बाहेरच्या बाजूला. गरम हवा जास्त बाष्प धरून ठेवू शकते, त्यामुळे काचेच्या तळाशी तिचा झोत सोडला की ओल उडून जाते. इकडे हीटर पायांपेक्षा काचेसाठीच अधिक लागतो. मात्र ब्लोअरने हवा बाहेरून खेचली पाहिजे. आतलीच हवा फिरवत राहिल्यास ओलही आतच फिरते.

मॅटाडोर हा शब्द मराठीत जवळजवळ सामान्यनाम झाला आहे. त्याआधी ‘टेम्पो’चेही तेच झाले होते. टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचे नाव. नगरच्या फिरोदिया कुटुंबातले नवलमल फिरोदिया यांनी तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. २००५ मध्ये ती फोर्स मोटर्स झाली. तिच्याच मॅटाडोरचे इंजिन पुढे, दोन सीटांच्या मध्ये असते. हीटर बसवणाऱ्याला ही रचना फार सोयीची, कारण गरम पाण्याचे होज हातभर लांबीत संपतात. फोक्सवॅगनच्या पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या कॅम्परमध्ये इंजिन मागे, त्यामुळे तेच पाणी पूर्ण गाडीखालून पुढे आणावे लागते. त्यातून पुढचा ब्लोअर बदलायचा तर डॅशबोर्डच उतरवावा लागतो.

मोटर निवडताना पहिली गोष्ट व्होल्टेज. मोठ्या ट्रकमधून काढलेली मोटर बहुधा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या गाडीत ती फिरेल, पण रडतखडत. दुसरी गोष्ट दिशा, आणि इथे भले भले फसतात. ब्लोअरचा पंखा छताच्या पंख्यासारखा नसतो. तो खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल असतो. हवा मधून आत घेतो आणि कडेने फेकतो. छताचा पंखा उलटा फिरला तर वारा उलटा वाहतो, म्हणून चूक लगेच कळते. पिंजऱ्याच्या पंख्याच्या वायरी उलट्या जोडल्या तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त जोर पार कमी होतो. मग दोष हीटर कोरवर जातो, होज बदलले जातात, पैसे जातात. वाहनांच्या ब्लोअरमध्ये सहसा पात्यांची खोलगट बाजू फिरण्याच्या दिशेला असते. ब्लोअरचा डबा बंद करण्यापूर्वी एकदा वीज देऊन डोळ्यांनी खात्री करावी.

पठारावरची धूळ आणि वाळकी पाने हवेच्या तोंडातून आत जाऊन पात्यांमध्ये बसतात, तोल बिघडतो आणि मोटरचे बुश झिजतात. तोंडावर बारीक जाळी लावावी. जुनी मोटर परत वापरायची असल्यास कार्बन आणि बुश आधी पाहावेत. कोर आणि डब्याच्या फटीत फोमची पट्टी हवीच, नाहीतर हवा कोरला वळसा घालून गारच बाहेर पडते.

विजेच्या बाबतीत काटकसर महागात पडते. पूर्ण वेगात ब्लोअर साधारण १० अँपिअर ओढतो असे धरू. जाण्या-येण्याची मिळून चार मीटर वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच जातो आणि वायर कोमट होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टच्या आसपास राहतो. जुन्या स्विचमधून हा करंट थेट नेऊ नये. स्विचने फक्त रिले चालवावा, आणि मोटरला बॅटरीकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे स्वतंत्र वायर द्यावी. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावे. वेग कमी करणारा रेझिस्टर वाऱ्याच्या झोतातच बसवतात, कारण तो तापतो. तो जळाला की बाकीचे वेग बंद पडतात आणि फक्त शेवटचा, थेट जोडलेला वेग उरतो. तेव्हा मोटरला दोष देऊ नये.

पाणी इंजिनाच्या हेडकडून घेऊन वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत द्यावे. येणाऱ्या होजवर कॉक आवश्यक, नाहीतर नगरच्या एप्रिलमध्ये हाच हीटर छळतो. कूलंट भरताना हवा अडकते. इंजिन थंड असताना गाडीचे तोंड चढावर ठेवून, कॉक व रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दोन्ही होज गरम असूनही हवा गार येत असेल, तर दोष फोमच्या पट्टीत किंवा पंख्यात शोधावा.

इंजिन बंद झाल्यावर कोरमधली ऊब थोडाच वेळ टिकते. नुसता ब्लोअर लावून ठेवला तर ६० अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांत निम्मी होते. उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे तर जिवावर बेतू शकते, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. रात्री घोंगड्या घ्याव्यात आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी. मुक्कामासाठी लागणाऱ्या दुसऱ्या बॅटरीची जोडणी पुढच्या लेखांकात.