कात्रीने घडवलेला ऋतू

ठाण्यातील माजिवड्याच्या नाक्यावरून निघालेला नाशिकचा रस्ता भिवंडी-शहापूर मागे टाकून कसाऱ्याचा घाट चढला, की आबोहवेचा अंमलच पालटतो. खाली खाडीकाठचा, रात्रीही न निवळणारा दमट उकाडा, तर वर सुमारे ६०० मीटर उंचीचे, सह्याद्रीच्या आडोशाचे पठार. इगतपुरीला कोसळणारा पाऊस दिंडोरी-निफाडकडे सरकता सरकता पुष्कळ ओसरतो, आणि मुरमाड उतारांवर पाणी साचत नाही. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो या लाल वाईनच्या काळ्या द्राक्षांना हाच मुलूख मानवला.

फ्रान्समध्ये द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विसावते आणि शरदात तिचे फळ उतरते; विसाव्या अक्षांशाजवळच्या नाशकात ती आपण होऊन विसावत नाही, म्हणून ऋतूची तजवीज कात्रीनेच करावी लागते. उन्हाळ्यातील खरड छाटणीने नव्या काड्या तयार होतात व त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची धारणा होते; पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, जिच्यामुळे केवडा रोगाच्या भयातून सुटलेले फळ कोरड्या हिवाळ्यात वाढून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीस येते.

लाल वाईनचा रंग गरात नसून सालीत असतो, म्हणून रस सालीबियांसह आंबवतात. आणि सालीचे भवितव्य थंडीच्या रात्री ठरवतात. दुपारच्या उन्हाने साखर भरते, तर दहा अंशांच्या आसपास उतरणारी रात्र आंबटपणा व रंग राखते. मात्र फेब्रुवारी सरताना ऊन तापले, की साखर झपाट्याने चढते, आम्ल घटते आणि बी अद्याप तुरटच राहते. अशा वेळी वाईन करणारा मनुष्य केवळ साखरमापकावर न विसंबता मणी तोंडात टाकतो, साल चघळतो, बी दाताखाली फोडतो आणि ती हिरवट की तपकिरी, कडवट की खमंग, हे पाहून तोडणीचा हुकूम देतो. येथील लाल वाईन बहुधा पिकल्या फळाच्या चवीची व अंगाने भरलेली असते, त्याचे कारण हे ऊन.

राजीव सामंत यांनी १९९९ साली नाशकात सुला ही वाईनरी स्थापिली, २००१ साली राज्यशासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, आणि इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. परंतु वाण परदेशातून आले, तरी वर्षातून दोनदा छाटून एकदाच पीक घेण्याची विद्या खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्या बागाईतदारांनी आधीच कमावलेली होती. नाशिकच्या लाल वाईनचे श्रेय वाटायचे झाले, तर सह्याद्रीच्या खालोखाल पहिला वाटा त्यांचाच.