बिनपगारी हातांचा हिशेब

अपघातात घरातली बाई गेली, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विचारतात : त्या कमावत होत्या का? ‘नाही, घरीच असत,’ असे नातेवाईक सांगून मोकळे होतात. पण भरपाई ठरते ती वार्षिक उत्पन्नातून स्वखर्च वजा करून, उरलेल्या रकमेला वयाच्या गुणकाने गुणून. 31 ते 35 वयाला गुणक 16. 1994 साली कायद्यात आलेल्या परिशिष्टाने गृहिणीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरले होते. म्हणजे कारकुनाच्या बायकोचा स्वयंपाक स्वस्त, साहेबाच्या बायकोचा महाग! 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या मानीव उत्पन्नात भविष्यातील वाढही धरायला लावली. तेव्हा वकिलांना सारे सांगा : पहाटेचे पाणी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, शेजाऱ्यांची शिवलेली पोलकीसुद्धा.