पाणी अजून नितळ आहे, म्हणून काय झालं?

गैरसमज: मोठा बदल घडायला मोठाच धक्का लागतो.

सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून फॉस्फरस वर्षानुवर्षं तळ्यात उतरत राहतो, तरी पाणी नितळच दिसतं. तळाशी वाढणाऱ्या पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात. एका मर्यादेपुढे मात्र त्यांना प्रकाश पुरेनासा होतो, त्या मरतात, गाळ उठतो आणि शेवाळ माजतं. नेदरलँड्समधलं वेलुवे सरोवर १९६०च्या दशकाच्या अखेरीस असंच गढुळलं. फॉस्फरस पूर्वीच्या पातळीला आणून भागलं नाही, त्याच्याही बराच खाली न्यावा लागला. पाणी पुन्हा निवळायला १९९०चं दशक उजाडलं.

गैरसमज: असा पालट आधी कळणं शक्यच नाही.

कळू शकतो, पण बघायचं काय हे ठाऊक हवं. आपण पातळी बघतो: पाणी स्वच्छ आहे ना, मग झालं! मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर’मध्ये सावरण्याच्या वेगाकडे लक्ष वेधलं: पालटाच्या जवळ आलेली व्यवस्था छोट्या धक्क्यातूनही हळू सावरते. धडधाकट माणूस पडसं दोन दिवसांत झटकतो, आतून खंगलेल्याला तेच आठवडाभर पुरतं. आकड्यांत ही मंदगती दोन प्रकारे दिसते. आजचं मोजमाप कालच्याच्या फार जवळ येऊ लागतं आणि चढउतारांचा पल्ला वाढतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या पीटर सरोवरात स्टीफन कारपेंटर यांच्या गटानं हे मुद्दाम घडवून पाहिलं. २००८पासून तिथे लार्जमाउथ बास हा शिकारी मासा थोडाथोडा करून सोडला. बास छोटे मासे खातो, छोटे मासे पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातात आणि ते प्राणी शेवाळ. म्हणजे माशांत केलेला फेरफार शेवटी शेवाळात उमटणार. शेजारचं पॉल सरोवर तुलनेसाठी तसंच ठेवलं. पीटरमधलं अन्नजाळं पुरतं पालटण्याच्या वर्षभराहून अधिक आधीच शेवाळातल्या हरितद्रव्याचे आकडे वेगळे वागू लागले होते.

गैरसमज: मग तारीखही सांगता येईल.

इथे जपून. अटलांटिक महासागरातला मोठा अभिसरण प्रवाह २०२५ ते २०९५च्या दरम्यान कोलमडू शकतो, असं भाकीत डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी २०२३ साली केलं आणि त्याचे मथळे झाले. त्याचा आधार होता १८७०पासूनच्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या नोंदींतल्या अशाच खुणा. एवढ्या काळात तापमान मोजण्याच्या पद्धतीच बदलल्या, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. शिवाय एखादा जबर फटका भक्कम व्यवस्थाही उलटवतो, तेव्हा आधी कसलाच इशारा मिळत नाही.

गैरसमज: इशारा मिळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

पीटरमध्येच पुढे नायट्रोजन आणि फॉस्फरस घालून शेवाळ वाढवलं गेलं. २०१५ साली इशारा दिसताच संशोधकांनी हात आखडता घेतला आणि शेवाळ ओसरलं. मात्र तिथे यंत्रं पाण्यातच बसवलेली होती, मोजमाप दिवसभर अखंड चालू होतं. महिन्यातून एकदा बाटली भरून नेणाऱ्या खात्याच्या वहीत हा बदल उमटणारच नाही.