पहिले घर : जुने सावरावे की नवे बांधावे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. दोन्हींचा खर्च आधी कळत नाही आणि दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा करता येत नाहीत. शेतकरी कुटुंबात या दोन गोष्टी बहुधा पाठोपाठच येतात. थोरल्याचे लग्न होऊन चार वर्षे झालेली असतात, धाकट्याचे नुकतेच झालेले असते, चूल एक आणि खाणारी तोंडे दहा होतात. मग भांडण नसतानाही वेगळे राहायचे ठरते. अशा वेळी वडील म्हणतात, “गावातला जुना वाडा पडून आहे, तो नीट करून राहा.” सूनबाईला वाटते, मळ्यात दोन खोल्यांचे का होईना, पण स्लॅबचे नवे घर असावे. कोणाचे खरे मानायचे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकांच्या कामासाठी गावोगाव हिंडताना हा प्रश्न मला बियाण्याइतकाच वेळा विचारला जातो. माझे सांगणे एवढेच, की घराचे वय पाहून निर्णय घेऊ नका. भिंत, छप्पर, जमीन, कागद आणि आपली ऐपत या पाच गोष्टी तपासा. पैसे वाचवायचे म्हणून पडाऊ भिंतीखाली लेकरे झोपवू नयेत, आणि चारचौघांत शोभावे म्हणून घरापायी जमीन गहाण पडू देऊ नये.

किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. जवळजवळ आठ हजार जीव गेले. ही माणसे जमिनीच्या हादऱ्याने गेली असे आपण म्हणतो, पण बहुतेकांचा जीव स्वतःच्याच घराखाली गेला. तिथली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची होती.

माळवदाचे ओझे किती असते याचा हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी एक खोली धरा. तिच्यावर फक्त एक फूट जाडीचा मातीचा थर असला, तरी ती माती साडेसहा टनांच्या आसपास भरते. गळती लागली की दर पावसाळ्याआधी आपण वर आणखी पांढरी माती टाकतो. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. जुनी मात्र कोणी काढत नाही. पावसात भिजल्यावर हे ओझे आणखी वाढते.

दुसरी खोट भिंतीत असते. दोन फुटी भिंत पाहून आपल्याला ती किल्ल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिला बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात, मध्ये दगडांचे तुकडे आणि माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड ठिकठिकाणी घातलेले नसतील, तर हादऱ्याने किंवा ओलीने पदर सुटतात आणि भिंत पोट काढते. मात्र त्याच भूकंपात, लाकडी खांबांवर आणि तुळयांवर छप्पर तोललेली काही घरे भिंती ढासळूनही उभी राहिली. म्हणजे जुने तेवढे वाईट असे नाही. घर कसे बांधले आणि कसे राखले, यावर सारे आहे.

जुने घर कसे तपासावे?

ही तपासणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली दिसतात.

पहिली गोष्ट भिंत. गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोरीला दगड बांधून वरून सोडा. भिंत बाहेर झुकली आहे का, मध्येच फुगली आहे का, हे लगेच कळते. कोपऱ्यात उभी भेग असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत असे समजा. भेग जुनी आहे की वाढते आहे हे ओळखायचे असेल, तर तिच्यावर सिमेंटचा पातळ लपका मारून त्यावर तारीख लिहा. पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला आणि लपका शाबूत राहिला, तर ती भेग बुजवून चालेल. लपका तडकला तर भिंत अजून हलते आहे.

दुसरी गोष्ट ओल. भिंतीच्या बुडाला लोणा धरला असेल, माती भुसभुशीत होऊन गळत असेल, तर पाणी कुठून येते ते शोधा. बहुतेक ठिकाणी शेजारच्या वाटेची पातळी वर्षानुवर्षे भर पडून वाढलेली असते आणि घराचे जोते खाली गेलेले असते. मोरीचे पाणीही अनेकदा पायातच मुरते. हे पाणी वळवल्याशिवाय वरून केलेली सारी डागडुजी वाया जाते.

तिसरी गोष्ट लाकूड. खांबाचे बूड आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक या दोन जागा दाभणाने टोचून पाहा. लाकूड आधी तिथेच कुजते आणि वाळवीही तिथूनच चढते. टोचल्यावर दाभण सहज आत गेले तर ते लाकूड बदललेच पाहिजे. कोकणातील जांभ्याच्या कौलारू घराला मातीच्या छपराचे ओझे नसते, पण तिथे पाऊस जबर असल्याने वासे आणि पाखाड्यांचे सांधे असेच टोचून पाहावेत.

तपासणीत घर पास झाले तर ते सोडू नका. मे महिन्यात जाड मातीच्या भिंतीचा गारवा स्लॅबखाली मिळत नाही. ओसरी आहे, परसू आहे, नळ आणि वीज दारात आहे, शाळा जवळ आहे आणि रात्री हाक मारली तर चार माणसे धावून येतात. शेतावर नव्याने राहायला गेलेल्या बाईला या गोष्टींची किंमत पहिल्याच पावसाळ्यात कळते.

डागडुजी कोणती करावी, कोणती टाळावी?

माळवदावरची जास्तीची माती उतरवणे हे पहिले काम. शक्य असेल तर ती पूर्ण काढून पत्र्याचे हलके छप्पर करावे. दगडी भिंतीत आरपार दगड नसतील, तर भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात आकड्याची सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. दाराच्या चौकटीच्या वर चारही भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा दिला की भिंती एकमेकींना धरून राहतात. दगड काढताना भिंत ढासळू शकते, म्हणून हे काम जाणत्या अभियंत्याला दाखवून आणि सावकाश करावे.

आता टाळायच्या दोन गोष्टी. जुन्या माती-दगडाच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. “भिंती जाड आहेत, काही होत नाही,” असे गवंडी सांगतो आणि दोन खोल्यांचा खर्च वाचतो म्हणून आपल्यालाही ते पटते. पण हा स्लॅब म्हणजे काढता न येणारे माळवदच. दुसरे, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल कोंडते, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि मागची माती कुजलेली कधी दिसत नाही. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा मानवतो.

नवे बांधायचे तर जमीन पाहा

आपले पूर्वज काळी आणि पांढरी असा भेद करत. काळी पिकवायची, पांढरी वसवायची. गावठाण पांढरीवर असते ते उगाच नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. मळ्यातले नवे घर याच काळ्या मातीवर उथळ पायाने उभे केले, की दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात आणि दारे अडकू लागतात. दोष सिमेंटला दिला जातो, चूक पायाची असते. पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने जमिनीत खोलवर तळाशी फुगीर खांब घेण्याची पद्धत आहे. घराभोवती पाणी साचू देऊ नये आणि भिंतीला लागून मोठे झाड लावू नये.

बांधकामात गवंड्यावर सोडू नयेत अशा गोष्टी थोड्याच आहेत. काँक्रीट कालवताना सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी फार तर ३० लिटर पुरते, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. काम सोपे जावे म्हणून कालवण पातळ केले की स्लॅबची ताकद जाते. जोत्याला आणि दाराच्या वर लोखंडी सळयांचा सलग पट्टा घालावा. स्लॅबवर आळी करून निदान १० ते १४ दिवस पाणी धरावे. म्हणूनच काम सुगी आटोपल्यावर दिवाळीनंतर सुरू करावे आणि विहिरीला पाणी आहे तोवर स्लॅब उरकावा. एप्रिलात टँकरच्या पाण्यावर स्लॅब भिजवणे कोणालाही परवडत नाही.

शहरातल्या घराचा नकाशा उचलून आणू नका. आपल्या घरात धान्याच्या गोण्या, अवजारे, खत आणि जनावरे असतात. फवारणीची औषधे आणि पंप यांना कुलपाची वेगळी जागा हवी. ती स्वयंपाकघरात किंवा निजायच्या खोलीत ठेवली जातात ती नकाशात जागा नसते म्हणून. नकाशा ठरवताना घरातील बाईला समोर बसवा. धूर कुठून जाणार, पाणी किती लांबून आणायचे, संडास-न्हाणी कुठे, हे तिच्याइतके कोणाला कळत नाही.

कागद आधी, कुदळ नंतर

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा असे पुष्कळजण समजतात. तो कर आकारणीचा कागद आहे. गावठाणातील घरांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. आपल्या गावची मोजणी झाली आहे का, पत्रिकेवर नाव कोणाचे आहे, ते पाहा. जुना वाडा आजोबांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यात तीन लाख घातले, तर उद्या चुलतभावाने हिस्सा मागितल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. बहिणींचाही विचार आधीच करा. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सर्वांना बसवून बोला, लिहा आणि वाटणीपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवून घ्या. तोंडी वाटणीवर बांधलेले घर नात्याला महाग पडते.

मळ्यात बांधायचे असेल तर तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याकडे परवानगीची चौकशी पाया खणण्याआधी करा.

ऐपत कशी मोजावी?

गेल्या पाच वर्षांतले सर्वांत वाईट साल आठवा. कापूस बोंडअळीने गेला किंवा कांदा मातीमोल झाला, असे एखादे साल प्रत्येकाचे असते. त्या सालीसुद्धा जो हप्ता भरता आला असता, तेवढेच कर्ज घराला काढावे. चांगल्या सालच्या भावावर घराचा नकाशा काढू नये. पीक कर्जाचे पैसे विटांत घालू नयेत, कारण खरिपाला हात रिकामा राहतो आणि मग सावकाराची पायरी चढावी लागते. गवंड्याने सांगितलेल्या आकड्यात चौथा हिस्सा वाढवून धरावा, कारण दारे, वीज, रंग आणि संडास त्यात बहुधा नसतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत पाहा. त्या योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर धरले आहे आणि पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्याने मिळतात. मिळणाऱ्या पैशांत पुरे होईल एवढेच बांधा. अनुदान मिळते म्हणून पाच खोल्यांचा पाया घालून सळया गंजत ठेवलेली घरे प्रत्येक तालुक्यात दिसतात.

मधला मार्गही असतो. जुन्या वाड्याची चांगली बाजू सावरून तिथे राहावे, पडाऊ बाजू उतरवून तिचा दगड नव्या पायाला आणि सागवान दारा-खिडक्यांना वापरावे. पुढे चार खोल्या होतील असा नकाशा आजच काढावा, पण आज दोनच बांधाव्यात. उरलेल्या दोन खोल्या चांगल्या सालांवर सोडाव्यात.

घरात हा प्रश्न निघाला असेल तर येत्या पावसाळ्यात ओळंबा आणि दाभण घेऊन जुन्या घरात एक फेरी मारा. वडिलांना बरोबर घ्या, कारण कोणती भिंत केव्हा बांधली हे त्यांनाच ठाऊक असते, आणि बायकोलाही घ्या, कारण राहायचे तिला आहे. पाच गोष्टींपैकी भिंत किंवा छप्पर नापास झाले आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ गेला, तर जुन्याचा मोह सोडा. ती दोन्ही पास असतील, तर नव्याची घाई करू नका. वाचलेला पैसा विहिरीला, ठिबकला किंवा एका चांगल्या गाईला लावा. तीच पुढे दोन खोल्या वाढवून देईल.