बोली चारशेची, माल आठशेला : ऑनलाइन लिलावातील टपालखर्चाचा हिशोब

जुनी नाणी, पितळी पानदाने, अत्तरदाण्या, सुरमेदाण्या, जुनी टपाल तिकिटे अशा वस्तूंचा व्यापार पूर्वी ओळखीपाळखीवर चालत असे. नागपूरच्या इतवारीत फेरी मारावी, सराफाकडे किंवा भांड्यांच्या दुकानी मोडीत आलेला माल पाहावा, हातात घेऊन वजन करावे आणि जागेवर सौदा तोडावा, अशी रीत होती. आता हाच माल मोबाइलवर लिलावात निघतो. रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी बसून मुंबई, बंगळूर किंवा लंडनच्या लिलावात बोली लावता येते. ही सोय चांगलीच आहे. परंतु या सोयीचे भाडे किती पडते याचा हिशोब आपले छोटे व्यापारी बहुधा बोली जिंकल्यानंतर करतात, आणि तेथेच भांडवल अडकते.

बोली म्हणजे किंमत नव्हे

लिलावात जी शेवटची बोली लागते, तिच्यावर लिलाव करणारी पेढी खरेदीदाराकडून आपली दलाली घेते. तिला ‘बायर्स प्रीमियम’ म्हणतात. त्यानंतर पॅकिंग, कुरियर, विमा आणि या सेवांवरील जीएसटी येतो. एक उदाहरण घेऊ. समजा, तांब्याचा एक जुना पैसा ४०० रुपयांच्या बोलीला मिळाला. दलाली २० टक्के म्हणजे ८० रुपये. पॅकिंग, कुरियर व विमा मिळून २५० रुपये. या ३३० रुपयांवर १८ टक्के जीएसटी ५९ रुपये ४० पैसे. एकूण झाले ७८९ रुपये ४० पैसे. मालावरचा कर पेढीप्रमाणे वेगळा लागेल, तो येथे धरलेलाच नाही. चारशेचा पैसा दुकानात येईपर्यंत आठशेला पडला. बाजारात त्याचे सातशे येत असतील, तर बोली जिंकूनही व्यापारी हरला.

आता त्याच लिलावात त्याच भावाने पाच पैसे घेतले असे समजू. बोली २,००० रुपये, दलाली ४०० रुपये. पाचही एका पाकिटात आल्याने पाठवणीचा खर्च फार तर ३०० रुपये. जीएसटी १२६ रुपये. एकूण २,८२६ रुपये, म्हणजे नगामागे ५६५ रुपये २० पैसे. प्रत्येक नगामागे सव्वादोनशे रुपयांचा फरक पडला, तो निव्वळ टपालखर्चामुळे. भाडे नगावर बसत नाही, पाकिटावर बसते. या धंद्यातले हे पहिले गणित होय.

खर्च इतका का येतो?

याची कारणे तीन-चार आहेत. पहिले कारण टपालाचे. नाणी-तिकिटांचे शौकीन पूर्वी रजिस्टर टपालावर विसंबत. ते स्वस्त होते आणि सही घेतल्याशिवाय पाकीट दिले जात नसे. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार कागदपत्रांच्या स्पीड पोस्टला ५० ग्रॅमपर्यंत गावाबाहेर ४७ रुपये व त्यावर जीएसटी पडतो. ज्याच्या नावे पाकीट आहे त्याच्याच हाती ते द्यावे, अशी सोय हवी असल्यास पाच रुपये व कर जादा. वस्तूंच्या पार्सलचा दर वेगळा असतो. तो टपाल कार्यालयात विचारून घ्यावा, म्हणजे पेढीने लावलेला आकार वाजवी आहे की नाही ते कळते. चांदीचा जुना रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम भरतो. चार रुपये घेतले तरी वजन पन्नास ग्रॅमच्या आत राहते. तेव्हा शेकडो रुपयांचे बिल वजनामुळे येत नाही. ते पॅकिंग, विमा आणि पेढीच्या आकारामुळे येते.

दुसरे कारण खोक्याचे. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर खोक्याची जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात, आणि जे वजन जास्त निघेल त्याचे पैसे घेतात. सहाशे ग्रॅमचे पितळी पानदान ३० × २० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातले, तर हिशोबाचे वजन १ किलो ८०० ग्रॅम होते. तेच २० × १५ × १० च्या खोक्यात बसले, तर ६०० ग्रॅम. पितळ काचेसारखे फुटत नाही. म्हणून बेताचे खोके वापरा, असे विक्रेत्याला आधी कळवावे.

तिसरे कारण आडगावचे. मोठ्या शहराबाहेरील काही पिनकोडना कुरियरवाले जादा आकार लावतात. माल घ्यायला आपण नागपूरला जाणारच असलो, तर पार्सल नागपूरच्या शाखेत ठेवून घ्यावे. केवळ पार्सलसाठी खास फेरी मारली, तर वाचलेले पैसे एसटीच्या तिकिटात जातात.

चौथे कारण विक्रेत्याच्या चतुराईचे. ईबे या अमेरिकी कंपनीचा लिलाव १९९५ साली सुरू झाला. कंपनी आपले कमिशन फक्त मालाच्या किमतीवर घेत असे, टपालखर्चावर नाही. म्हणून पुष्कळ विक्रेते वस्तू एका डॉलरला आणि टपालखर्च पंधरा डॉलर असे लावू लागले. गिऱ्हाईक स्वस्त बोलीला भुलत असे आणि नफा भाड्यात लपत असे. अखेर २०११ साली कंपनीने अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन घेणे सुरू केले. भाड्यात नफा लपवण्याची ही सवय इतर ठिकाणी आजही भेटते.

विदेशी लिलावाचे ओझे दुप्पट

इंग्लंड-युरोपातील अनेक लिलाव पेढ्या माल स्वतः पाठवत नाहीत. पॅकिंग आणि पाठवणी तिसऱ्या कंपनीकडे असते आणि तिचा दर बोलीनंतर कळतो. माल उचलायला उशीर झाला, तर गोदामभाडेही लागते. शिवाय भारतात सीमाशुल्क आकारताना मालाच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवतात. म्हणजे भाडे वाढले की त्यावरचे शुल्कही वाढते. लहान किमतीचा एखादा नग विदेशातून मागवणे हे व्यापाऱ्याला सहसा परवडत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने टपालखर्च, हाताळणीचा आकार व कर धरून एकूण किंमत एका आकड्यात आणि तिचा तपशील दाखवला पाहिजे. किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या युक्तीला नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवले आहे. परंतु व्यापारी बंधूंनी एक बाब नीट ध्यानात घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. घरच्या संग्रहासाठी घेणाऱ्याला ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, दुकानासाठी घेणाऱ्याला ते बहुधा बंद आहे. म्हणून आपले संरक्षण आपणच बोलीपूर्वी, लेखी विचारणा करून करावे.

गावातच घेतले तर?

एवढे भाडे भरण्यापेक्षा नगरधन-मनसरच्या शिवारात सापडलेली नाणी घ्यावीत, असा विचार कोणाच्या मनात येईल. तो धोक्याचा आहे. हा वाकाटकांच्या राजधानीचा परिसर आहे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसेच पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे किंवा कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२५ साली पाडलेले नाणे २०२५ मध्ये या व्याख्येत आले, म्हणजे दरवर्षी एका सनाची भर पडते. ऑनलाइन विक्री करणाऱ्या बंधूंनी विदेशातून मागणी आली, तर आधी वस्तूचे वय पाहावे, भाड्याचा दर नंतर विचारावा.

बोलीची मर्यादा कशी ठरवावी?

हिशोब उलट्या दिशेने करावा. समजा नाणे ९०० रुपयांना विकले जाईल आणि १५० रुपये नफा हवा. उरले ७५०. पाठवणीचा खर्च २५० व त्यावरील कर ४५ वजा करता ४५५ उरतात. २० टक्के दलाली व तिच्यावरील कर धरला, तर बोलीचा प्रत्येक रुपया १ रुपया २४ पैशांना पडतो. म्हणून ४५५ ला १.२४ ने भागावे. उत्तर ३६७ येते. ३६५ रुपयांवर हात आखडावा, मग समोरचा कितीही चढो.

यात आपल्या बंधूंकडे एक जमेची बाजू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवरही मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असे. ज्याला उर्दू वाचता येते, त्याला ‘जर्ब’ या शब्दापुढील टाकसाळीचे नाव, हिजरी साल आणि जुलूस सन फोटोवरून बरेचदा लावता येतो. नुसते ‘जुने नाणे’ म्हणून निघालेल्या मालातून कामाचे चार-पाच नग हेरून ते एकाच लिलावात, एकाच पाकिटात घ्यावेत.

थोडक्यात सांगायचे तर :

१. बोलीपूर्वी दलाली, पॅकिंग, कुरियर, विमा आणि कर किती, हे लेखी विचारावे. उत्तर न देणाऱ्याकडे बोली लावू नये.

२. एकेक नग मागवू नये. गावातील दोघा-तिघांनी मिळून एका नावावर घ्यावे आणि खर्च प्रत्येकाच्या मालाच्या प्रमाणात वाटून लिहून ठेवावा.

३. भाडे वाचवायला विमा सोडू नये. विम्याविना पार्सल गहाळ झाले, तर कुरियरची भरपाई अल्प असते. काही कुरियर कंपन्या नाणी व सोने-चांदी नेतच नाहीत. त्यांच्याकडे दुसरे नाव लिहून माल दिला, तर विम्याचा दावाही बुडतो.

४. पार्सल उघडताना चित्रण करावे आणि बिल जपून ठेवावे. जीएसटी नोंदणी असल्यास बिल आपल्या क्रमांकावर घ्यावे.

५. आपण स्वतः विक्रेते असाल, तर टपालखर्च खरा तेवढाच लावावा. भाड्यात नफा लपवणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

लिलावात हात वर करायला क्षण लागतो. पाठवणीचा आकडा आधी कागदावर मांडला असेल, तरच त्या क्षणी हात खाली ठेवण्याचे धैर्य येते.