हुशार मुलांचा वेगळा तास

‘हुशार मुलाला वेगळे काय शिकवायचे? ते आपले आपण शिकते,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेत मात्र या प्रश्नावर शंभर वर्षे खल चालू आहे. तेथील प्राथमिक शाळांतून रूढ असलेल्या ‘पुल-आउट’ पद्धतीविषयी मानसशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने जे वाचनात आले, ते येथे मांडत आहे.

पुल-आउट म्हणजे बाहेर काढणे. विशेष बुद्धीची म्हणून निवडलेली मुले आठवड्यातून एकदा-दोनदा, कोठे तासभर तर कोठे पूर्ण दिवस, आपला वर्ग सोडून दुसऱ्या खोलीत किंवा बसने दुसऱ्या शाळेत जातात. तेथे त्यांच्यासाठी निराळे शिक्षक असतात. उरलेला आठवडा ती सर्वांबरोबर बसतात. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. बुद्धिमान मुले हुडकणे ही राष्ट्राची निकड ठरली. १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा त्यातूनच आला.

पण त्या वेगळ्या खोलीत शिकवायचे काय? कनेक्टिकट विद्यापीठातील जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ साली एक त्रिविध आराखडा मांडला. प्रथम, क्रमिक पुस्तकात नसलेल्या नाना विषयांची तोंडओळख. मग विचार करण्याची व शोध घेण्याची कौशल्ये. आणि शेवटी मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या प्रश्नाचा शोध, जो खऱ्या माणसांपुढे ठेवायचा. समजा, गावचा ओढा पूर्वीपेक्षा लवकर का आटतो याचे एखादीला कुतूहल वाटले. तिने महिनोन् महिने पाण्याची मोजदाद करावी, म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि ते सारे ग्रामसभेपुढे मांडावे. (उदाहरण माझे, तत्त्व रेन्झुलींचे!)

आमच्या शाळेतही गुरुजी पाच-सहा मुले निवडून व्हरांड्यात बसवीत आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेत. वरवर पाहता हेही पुल-आउटच. परंतु तेथे वर्गातलेच गणित अधिक वेगाने सोडवायचे असते आणि उत्तर पुस्तकामागे छापलेले असते. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेली ज्ञानप्रबोधिनी या कल्पनेच्या अधिक जवळची. निवडक मुलांना शाळेच्या वेळेबाहेर पूरक शिक्षण देण्यापासून तिचा आरंभ झाला. प्रशाला नंतर, १९६९ मध्ये निघाली.

या पद्धतीचा उपयोग होतो काय? १९९१ साली अमेरिकेत नऊ संशोधनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात अभ्यासातील प्रगती, चिकित्सक विचार आणि सर्जनशील विचार या तिन्ही बाबतींत फायदा दिसला. तोटेही आहेतच. मूल परत आले की बुडालेला धडा त्याची वाट पाहत असतो. कित्येक शिक्षक तो घरी पुरा करायला लावतात, म्हणजे हुशारीबद्दल दुप्पट काम! शिवाय मूल काय फक्त मंगळवारीच बुद्धिमान असते, अशी टीका होते. ती मला पटते.

तथापि घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवडीचा प्रश्न. १९२१ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी बुद्धिमान मुलांचा प्रचंड अभ्यास आरंभला, तेव्हा चाचणीसाठी मुख्यतः शिक्षकांनी सुचवलेली मुले घेतली होती. विल्यम शॉकली व लुई अल्वारेझ ही दोन मुले त्या चाळणीतून गळली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ मध्ये व दुसऱ्याला १९६८ मध्ये. शिक्षकाच्या डोळ्यांत भरते ते स्वच्छ कपड्यांतले, विचारताच शुद्ध भाषेत उत्तर देणारे मूल. गुरांमागे हिंडताना ज्याला शंभर प्रश्न पडतात, ते वर्गात मान खाली घालून बसलेले असते. आणि ज्या घरातून फॉर्मवर अंगठा उठतो, तेथून ‘आमच्या मुलीची चाचणी घ्या’ अशी चिठ्ठी शाळेकडे जाणार कशी?

फ्लोरिडा राज्यातील ब्रोवर्ड जिल्ह्यात नेमके हेच होत होते. पालकांनी वा शिक्षकांनी नाव सुचवले तरच चाचणी होई. ऐपतदार पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडूनही ती करवून घेत. २००५ साली जिल्ह्याने दुसरीतल्या यच्चयावत मुलांना आकृत्यांवर आधारलेली, भाषेची गरज नसलेली चाचणी द्यायला सुरुवात केली. पात्रतेची अट तीच ठेवली. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निवडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचे १३० टक्क्यांनी वाढले. ही मुले आधीपासून त्याच वर्गांत बसत होती. त्यांचे नाव कोणी घेतले नव्हते, इतकेच. पुढे मंदीच्या काळात काटकसर म्हणून ही सरसकट चाचणी बंद झाली आणि वाढलेले आकडे पुन्हा खाली आले.